वेलोचे की ज्युनियर? आल्फा रोमेओ १०५ कूपेची (दोन दरवाजांच्या गाडीची) ओळख पटवण्याच्या नोंदी

४ मार्च

गाडी दुपारी उतरवून घेतली. सोबतच्या कागदावर नाव लिहिलंय ‘जुलिया स्प्रिंट जी.टी. वेलोचे, १९६६’. रंग लाल, स्टिअरिंग डावीकडे, बोनेटच्या पुढच्या कडेला पायरी, हेडलाइट दोन, मागच्या दोन्ही खांबांवर क्वाद्रिफोल्योचे, म्हणजे चार हिरव्या पानांचे, गोल बिल्ले.

काम एकच: ही खरोखर वेलोचे आहे का, हे ठरवणं. ते ठरेपर्यंत पत्रा कापायचा नाही, रंग घासायचा नाही, एकही भाग ‘जाता जाता’ बदलायचा नाही. या गाड्यांचा बहुतेक पुरावा गंजलेल्या जागीच असतो. कारखान्याचे वेल्ड, जुना ध्वनिरोधक थर, मूळ रंगाची शेवटची पापडी, सगळं तिथेच. दुरुस्तीच्या घाईत ते भंगारात जातं आणि मग फक्त बिल्ले उरतात.

आज १४० फोटो काढले. प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवली.

५ मार्च

तपासणीआधी घराण्याची मांडणी, म्हणजे कशाशी ताडून पाहायचं ते स्पष्ट राहील.

हा कूपे बेर्तोने या बॉडी घडवणाऱ्या कंपनीत जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटला. १९६३ मध्ये जुलिया स्प्रिंट जी.टी. (कारखान्याचा मॉडेल क्रमांक १०५.०२) आली. आल्फाच्या मिलानजवळच्या आरेझे इथल्या नव्या कारखान्याशी या गाडीचं नाव जोडलेलं आहे. १९६५ मध्ये हलक्या पत्र्याची जी.टी.ए. (१०५.३२), १९६६ मध्ये १६०० च्या इंजिनाची वेलोचे (१०५.३६) आणि त्याच वर्षी लहान इंजिनाची जी.टी. १३०० ज्युनियर (१०५.३०). १९६८ च्या सुरुवातीला चार हेडलाइटची १७५० जी.टी.वी. (१०५.४४), १९७१ मध्ये २००० जी.टी.वी. (१०५.२१). उजव्या स्टिअरिंगला वेगळे क्रमांक: १७५० साठी १०५.४५, २००० साठी १०५.२२, जी.टी.ए. साठी १०५.३४.

गोंधळ होतो तो या गाड्या एकमेकींत सहज मिसळतात म्हणून. सगळ्यांच्या सांगाड्याचा मूळ तळ एक, इंजिनांचं घराणं एक, पाच गिअरचा गिअरबॉक्सही एकाच जातीचा. १३०० चं इंजिन काढून २००० चं बसवायला पत्र्याला हात लावावा लागत नाही. जाळी, डॅशबोर्ड, सीट, दिवे हे सारं तर स्क्रू-बोल्टचं काम. वेलोचे सुमारे १४,००० बनल्या, ज्युनियर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे ज्युनियरची वेलोचे झालेली वारंवार दिसते, उलटं जवळपास कधीच नाही.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठरवला: आधी जे बदलायला सर्वात अवघड, मग जे सोपं. क्रमांक ठोकलेला पत्रा, सांगाडा, पेडल, मागचा अ‍ॅक्सल, इंजिन, आणि सर्वात शेवटी बिल्ले.

६ मार्च

चेसिस क्रमांक इंजिनामागच्या आडव्या भिंतीवर, म्हणजे बल्कहेडवर ठोकलेला असतो. त्यावर काळ्या रंगाचा जाड थर होता. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश इथे चालत नाही, आकड्यांच्या कडा बोथट होतात आणि पुढे कोणालाच खात्रीने काही सांगता येत नाही. पातळ कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून दहा-दहा मिनिटं ठेवलं, मऊ झालेला रंग लाकडी काडीने उचलला. तीन तास लागले.

वाचताना टॉर्च समोरून धरायचा नाही. पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरका धरायचा, तेव्हा आकड्यांची सावली पडते. मग पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने ठसा घेतला.

ठसा स्पष्ट आहे: ‘एआर’, त्यानंतर सात आकडी क्रमांक, सुरुवात १२ ने. वेलोचेची मालिका सहा आकडी, २४०००१ पासून. ज्युनियरची सात आकडी, १२००००१ पासून. नुसते आकडे मोजले तरी निम्मा निकाल लागतो.

शेजारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीवर मात्र ‘१०५.३६’ आहे. पाटी नवीकोरी, अक्षरांच्या कडा धारदार, आणि ती बसवलेली आहे आजकालच्या पोकळ पॉप रिव्हेटने, मधल्या खिळ्याचं भोक अजून दिसतं. अशा पाट्या कोऱ्या विकत मिळतात, त्यावर हवं ते ठोकता येतं. पाटी आणि पत्रा यांचं जुळत नसेल तेव्हा पत्र्याचं ऐकायचं.

८ मार्च

पुढचा प्रश्न: क्रमांकाचा पत्रा मुळात याच गाडीचा आहे का? एका गाडीचा बल्कहेडचा तुकडा कापून दुसऱ्या सांगाड्यात बसवण्याचे प्रकार होतात. त्याची खूण पुढून दिसत नाही, तिथे लांबी (पुटी) भरून रंग दिलेला असतो. ती मागून दिसते.

डॅशबोर्डखालून बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला. क्रमांकामागचा पत्रा सलग आहे, चौकोनी वेल्डची रेघ नाही, आणि डांबरी ध्वनिरोधक थर जसाच्या तसा, तडे गेलेला पण न कापलेला. वेल्डिंग झालं असतं तर उष्णतेने तो वितळून ओघळला असता. पत्रा याच गाडीचा.

नंतर रंगाच्या जाडीचं यंत्र घेऊन ६० बिंदूंवर मोजणी केली. छतावर २६० ते २९० मायक्रॉन, म्हणजे मूळ रंगावर एकदा पुन्हा रंगकाम. डाव्या मागच्या मडगार्डवर चाकाच्या कमानीपाशी ७०० च्या पुढे, खाली लांबी आहे. सिलवर, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीवर, आकडे इतके वर-खाली की तिथे नवा पत्रा चढवलाय हे उघड. या गाडीचे सिल तीन थरांचे असतात. बाहेरचा थर बदलून आतले दोन कुजके सोडून दिले की गाडी वरून ठणठणीत आणि जॅक लावताच पत्रा आत. उजव्या बाजूला तसंच झालेलं दिसतंय. आत्ता उघडायचं नाही, फक्त खूण केली.

नाकाची पायरी खरी की नंतर बसवलेली, तेही पाहायला हवं होतं. पायरीचं नाक लोकप्रिय आहे, त्यामुळे १९७० नंतरच्या सपाट नाकाच्या ज्युनियरला जुनं नाक जोडलेलं सापडतं. पुढच्या चाकाच्या कमानीत आतून पाहिलं: कारखान्याचे स्पॉट वेल्ड छोटे, गोल, किंचित खोलगट आणि बऱ्यापैकी समान अंतरावर असतात. दुरुस्तीत भोक पाडून भरलेले वेल्ड फुगीर असतात, ग्राइंडरने घासलेले. इथे डावीकडे सगळे मूळ, उजवीकडे खालचे सहा दुरुस्तीचे. पुढून उजवीकडे कधीतरी ठोकर बसली होती, पण नाक मूळचं.

११ मार्च

इंजिन. ब्लॉकवरचा क्रमांक एआर ००५२६ ने सुरू होतो.

जवळ ठेवायचे सुरुवातीचे आकडे:

००५०२ – स्प्रिंट जी.टी.
००५३६ – वेलोचे
००५३० – १३०० ज्युनियर
००५४८ – १७५०
००५१२ – २०००
००५१४ – जुलिया टी.आय. (चार दरवाजांची)
००५२६ – जुलिया सुपर (हीही चार दरवाजांची)

म्हणजे या गाडीत वेलोचेचंही इंजिन नाही आणि ज्युनियरचंही नाही. चार दरवाजांच्या सुपरचं १६०० आहे. वेलोचेचं १०९ अश्वशक्तीचं, सुपरचं त्याहून मवाळ, पण घनफळ तेच. गाडी चालवून हा फरक कळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

ब्लॉकवरच्या क्रमांकावरही न थांबता स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, मोजला, कारण आतला क्रँक (पिस्टन हलवणारा दांडा) कोणता हे क्रमांक सांगत नाही. या इंजिनात प्लग दोन कॅमच्या मधोमध, ज्वलनकक्षाच्या मध्यावर बसतो. त्यामुळे प्लगच्या भोकातून सरळ पिस्टनवर कांडी टेकवता येते, हेड उघडावं लागत नाही.

पद्धत: चारही प्लग काढायचे. ३०० मिमी लांब, ६ मिमी जाड, सरळ प्लास्टिकची कांडी पहिल्या सिलिंडरमध्ये सोडायची. धातूची नको, अ‍ॅल्युमिनियमच्या पिस्टनवर ओरखडा येतो. स्टार्टर मारायचा नाही. इंजिन क्रँकच्या नटवर पाना लावून हाताने फिरवायचं. पिस्टन सर्वात वर असताना कांडीवर भोकाच्या कडेशी खूण, सर्वात खाली असताना दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. वरच्या आणि खालच्या टोकाला पिस्टन क्षणभर रेंगाळतो, म्हणून तिथे थोडं पुढे-मागे फिरवून कमाल आणि किमान वाचन घ्यायचं. कांडी तिरकी झाली की आकडा फुगतो, दुसऱ्याने ती धरून ठेवावी.

तीन वाचनं: ८२, ८२.५, ८२.

ताडण्यासाठी, बोअर (सिलिंडरचा व्यास) गुणिले स्ट्रोक मिमीमध्ये: १३०० साठी ७४ × ७५, १६०० साठी ७८ × ८२, १७५० साठी ८० × ८८.५, २००० साठी ८४ × ८८.५. जी.टी.ए. १३०० ज्युनियर वेगळीच, ७८ × ६७.५. तिचं घनफळ साध्या ज्युनियरइतकंच, १२९० घन सेंमी, पण स्ट्रोक ७.५ मिमी कमी. कागदावरून न कळणारा फरक ही कांडी पाच मिनिटांत दाखवते. फक्त १७५० आणि २००० या दोन इंजिनांत ती उपयोगाची नाही, दोन्हीचा स्ट्रोक एकच.

बोअर हा मात्र कच्चा पुरावा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि आत ओतीव लोखंडाचे सुटे लायनर (सिलिंडरच्या नळ्या), ज्यांच्याभोवती पाणी फिरतं. लायनर-पिस्टनचा मोठ्या मापाचा संच घालणं नेहमीचंच. (१६०० चा हिशेब मांडला तर १५६७ घन सेंमी येतात, आल्फाच्या कागदांत १५७० छापतात. कोणी १५६७ वरून ‘बदललेलं इंजिन’ म्हणाला तर दचकू नये.)

१२ मार्च

कार्ब्युरेटर दोन, वेबर ४० डी.सी.ओ.ई. ३२. हा शेवटचा आकडा १७५० चा. वेलोचेला २७ हवा. आकडा कार्ब्युरेटरवर ठोकलेला असतो, तेल-धूळ पुसल्याशिवाय दिसत नाही. ‘४० डी.सी.ओ.ई. आहेत म्हणजे मूळ’ एवढ्यावर थांबू नये. जेट कोणते आहेत ते नंतर पाहू, ओळखीशी त्यांचा संबंध नाही.

मागचा अ‍ॅक्सल: गाडी मागून स्टँडवर, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण. एक चाक पक्कं धरून दुसरं बरोबर १० वेळा फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक थांबलं की शाफ्ट निम्मंच फिरतं, हे विसरलं की उत्तर अर्धं येतं आणि माणूस तासभर गोंधळतो. फेरे आले पावणे तेवीस. ९:४१ चं गुणोत्तर असेल तर २२.८ यायला हवेत, १०:४१ असेल तर २०.५. म्हणजे ९:४१.

पण ९:४१ वेलोचेलाही होतं आणि ज्युनियरलाही. १०:४१ आलं असतं तर अ‍ॅक्सल १७५० किंवा २००० चा असल्याचा संशय आला असता. इतकाच या मोजणीचा फायदा.

१४ मार्च

पेडल जमिनीतून वर आलेली आहेत. डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत १९७० च्या बदलांबरोबर पेडल वरून लोंबती झाली, उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत जमिनीतलीच राहिली. एकातून दुसरं करायचं तर फरशीचा पत्रा आणि बल्कहेड दोन्ही कापावे लागतात. म्हणून काळ ठरवायला पेडलइतकी भरवशाची खूण दुसरी नाही. पायरीचं नाक आणि लोंबती पेडल अशी डाव्या स्टिअरिंगची गाडी आली, तर नाक नंतरचं हे जवळजवळ धरूनच चालावं. इथे दोन्ही जुळतात, सांगाडा १९७० आधीचा.

ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) आहे. सुरुवातीच्या ज्युनियरला तो नव्हता. सर्वोचा कंस ज्या पत्र्यावर बसवलाय तिथे भोकांच्या कडेला रंगच नाही, उघडा पत्रा आणि त्यावर गंज. कारखान्यात भोक आधी पडतं, रंग नंतर चढतो. भोकाच्या आतल्या कडेवर रंग नसेल तर ते नंतर पाडलेलं. ही कसोटी गाडीत कुठेही लावता येते, भिंग आणि टॉर्च पुरतात. सुरक्षेच्या दृष्टीने सर्वो ठेवायलाच हवा, फक्त नोंद ‘नंतरची भर’ अशी.

डॅशबोर्डवर वेलोचेसारखा लाकडी नक्षीचा पट्टा. मागे जुन्या स्क्रूंची दोन रिकामी भोकं. विशेष वजन देण्यासारखं नाही.

१५ मार्च

जाळीत तीन चकचकीत आडव्या पट्ट्या, वेलोचेच्या. ज्युनियरला काळ्या जाळीवर एकच पट्टी असते. जाळी अर्ध्या तासात बदलते.

खांबावरचे बिल्ले: डाव्या बिल्ल्याच्या कडेला नायलॉनची दोरी घालून हळूच ओढली. खाली दुहेरी चिकटपट्टी.

१८ मार्च

आजची नोंद लांबेल, कारण बोनेटला लोहचुंबक चिकटत नाही. सोबतच्या फाइलमध्ये कोणीतरी पेन्सिलीने ‘जी.टी.ए. बोनेट’ लिहून ठेवलंय. अशाच एका शब्दातून पुढे अख्खी गाडी जी.टी.ए. होते, म्हणून हे इथेच निकालात काढायचं.

जी.टी.ए. मधला ‘ए’ म्हणजे आल्लेजेरिता, हलकी केलेली. तिचे बाहेरचे पत्रे पेरालुमान २५ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, आतल्या पोलादी सांगाड्याला रिव्हेट मारून आणि चिकटवून बसवलेले. कोरडं वजन ७४५ किलो, साध्या स्प्रिंट जी.टी.पेक्षा सुमारे २०० किलोने कमी. रस्त्यावरच्या गाडीची ताकद ११५ अश्वशक्ती, प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन वेबर ४५ डी.सी.ओ.ई. १४. एकूण सुमारे ५०० बनल्या. डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे क्रमांक एआर ६१३ ने सुरू होतात.

लोहचुंबक फिरवताना हे लक्षात ठेवायचं: खऱ्या जी.टी.ए. च्या फरशीला तो चिकटतो, कारण आतला सांगाडा पोलादीच. तिथे चिकटला म्हणून गाडी खोटी ठरत नाही. उलट छत, मडगार्ड, दरवाजे यांना चिकटत नाही, एवढ्याने ती खरी ठरत नाही. कसोटी सांध्यांवर आहे. दोन धातू जिथे भेटतात तिथे रिव्हेटची ओळ असते, आणि ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम तिथेच पांढरी भुकटी होऊन फुलतं. साठ वर्षांच्या गाडीत असे सांधे निर्दोष असतील तर पत्रे नवीन आहेत.

आठ प्लग दिसले की जी.टी.ए., हाही घाईचा निष्कर्ष. १९८७ पासून आल्फा ७५ मध्ये आलेल्या ट्विन स्पार्क इंजिनालाही आठ प्लग, आणि ते या कूपेत बसवणं आता नेहमीचं आहे. स्ट्रोक मोजला की उलगडा होतो: जी.टी.ए. १६०० चा ८२, ट्विन स्पार्क २००० चा ८८.५.

आपल्या गाडीत बोनेट सोडून सगळं पोलाद. बोनेटवर यंत्राचं अलोह धातूसाठीचं वाचन १७० ते १९० मायक्रॉन, एकच रंगकाम, खाली जुना थर नाही. आतल्या पट्ट्या आजच्या पद्धतीने टिग वेल्ड केलेल्या. शर्यतीसाठी तयार विकलं जाणारं बोनेट आहे. कडेच्या फटी डावीकडे ४ मिमी, उजवीकडे ७. पेन्सिलीच्या नोंदीखाली शाईने खरी माहिती लिहिली, आजची तारीख घातली.

२१ मार्च

मागवलेल्या कागदांच्या टपालाची वाट पाहताना ओळखीच्या तक्त्यात चार हेडलाइटच्या गाड्यांची भर, थोडक्यात.

१७५० आणि २००० लांबून सारख्या दिसतात. जाळी पाहावी: २००० ला चकचकीत आडव्या पट्ट्या आणि त्यांतच उठवलेला आल्फाच्या ढालीचा आकार, १७५० ची जाळी काळी. मागचे दिवे २००० चे मोठे. आत १७५० ला दोन मोठ्या गोल तबकड्या चालकासमोर आणि लहान काटे मधल्या कन्सोलवर, तर २००० मध्ये सगळं एकाच चौकटीत. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना वेबरऐवजी स्पिका कंपनीचं यांत्रिक इंजेक्शन, आणि ते बऱ्याचदा काढून टाकलेलं.

खरा सापळा १९७४ नंतरच्या ज्युनियरचा. तेव्हा १.३ आणि १.६ ज्युनियरलाही २००० चंच अंग दिलं, चार हेडलाइट आणि आतली एकत्र चौकटही. अशा गाडीत २००० चं इंजिन घातलं की बाहेरून काही कळत नाही. क्रमांकाशिवाय उपाय नाही.

२ एप्रिल

दोन कागद आले.

पहिला आरेझेच्या आल्फा दस्तऐवज केंद्राचा. चेसिस क्रमांक कळवला की ते कारखान्याच्या नोंदीतून मूळ माहिती देतात. उत्तर: जी.टी. १३०० ज्युनियर, बांधणी १९६७, मूळ रंग पांढरा. रंगाचा पडताळा आजच घेतला. डॅशबोर्डमागे, वायरिंगच्या रबरी बुशाखाली, लालाखाली पांढरा सापडला. बुश काढूनच पाहावं, कारण दुसऱ्यांदा रंगवताना कोणी ते काढत नाही.

दुसरा, इटलीच्या सार्वजनिक वाहन नोंदणीचा कालक्रमानुसार उतारा. मालक बदलल्याच्या नोंदी आहेत, घनफळ शेवटपर्यंत १२९०. म्हणजे १६०० चं इंजिन अधिकृतपणे कधीच चढवलेलं नाही. पहिली नोंदणी १९६८ ची. मग विक्रीच्या कागदावरचं ‘१९६६’ कुठून आलं? वेलोचे त्या वर्षी बाजारात आली, एवढाच त्याला आधार दिसतो.

४ एप्रिल

फाइलमध्ये नोंद केली: आल्फा रोमेओ जी.टी. १३०० ज्युनियर, १०५.३०, १९६७, डावं स्टिअरिंग, मूळ सांगाडा, मूळ पायरीचं नाक. इंजिन जुलिया सुपरचं १६००, कार्ब्युरेटर १७५० चे, सर्वो आणि अ‍ॅल्युमिनियमचं बोनेट नंतरचं, जाळी व डॅशबोर्ड वेलोचेचे.

मालकापुढे दोन वाटा ठेवल्या. एक, ००५३० क्रमांकाचं १३०० चं इंजिन शोधून बसवणं. ही इंजिनं अजून मिळतात, कारण लोकांनी ती काढूनच ठेवली. दुसरी, १६०० ठेवून मोतोरिझ्झात्सिओनेत, म्हणजे इटलीच्या सरकारी वाहन कार्यालयात, गाडी तपासून घेऊन नोंदणीपुस्तकात इंजिन बदलाची नोंद करणं. आत्ताच्या अवस्थेत, कागदावर १२९० आणि आत १५७०, अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहील, हे लेखी दिलं. आमचं मत पहिल्या वाटेकडे आहे. ज्युनियरचं छोटं इंजिन वरच्या फेऱ्यांना फार गोड चालतं, आणि इतका मूळ सांगाडा असलेली पायरीच्या नाकाची ज्युनियर आता सहज मिळत नाही.

‘१०५.३६’ ची पाटी रिव्हेट ड्रिल करून उतरवली, पाकिटात घातली, पाकिटावर काढल्याची तारीख. बिल्ले आणि तीन पट्ट्यांची जाळीही त्याच खोक्यात. खोकं गाडीबरोबरच राहील. एक पट्टीची जाळी मागवली आहे.

उद्या उजवा सिल उघडायचा. आधी दरवाजा बंद ठेवून त्याच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहायच्या आणि गाडीखाली आधार लावायचा, नाहीतर मधला थर कापताच सांगाडा बसेल आणि दरवाजा पुन्हा लागणार नाही.